अंगठा, एक्स्ट्रॅक्टर आणि आयुष्यभराचं पिस्तूल

"आता शेवटचं घेतोय. एकदाच घेईन, पण पुन्हा दुकानाची पायरी चढायला लागू नये असं घेईन." एवढं बोलून त्यांनी मऊ कापडात गुंडाळलेलं एक पिस्तूल माझ्या टेबलावर ठेवलं. ते नवं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी हेच वाक्य म्हणून घेतलेलं होतं.

मी नेमबाजीच्या क्लबात पिस्तुलं दुरुस्त करतो. माणसं माझ्याकडे येतात ती सहसा काहीतरी मोडल्यावर, त्यामुळे विकत घेण्याआधी कोणी सल्ला विचारला की मला जरा अवघडल्यासारखंच होतं. या गृहस्थांचं प्रकरण मात्र लिहून ठेवण्यासारखं वाटलं, कारण त्यांनी दोन्ही केलं: आधी मोडलेलं आणलं, मग सल्ला विचारला.

कापडातलं पिस्तूल १९११ धाटणीचं, म्हणजे अमेरिकी सैन्याच्या त्या नावाच्या जुन्या पिस्तुलासारखं होतं, .४५ एसीपी कॅलिबरचं (म्हणजे त्या मापाच्या काडतुसाचं), एका लहानशा कार्यशाळेत एकाच कारागिराने हाताने जुळवलेलं. काम खरोखर देखणं. स्लाइड (झाडताना मागेपुढे धावणारा वरचा भाग) आणि फ्रेम (खालचा सांगाडा) यांच्यात खेळ म्हणून नाही. दोष एकच होता. झाडून झाल्यावर चेंबरमधली, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेतली, रिकामी पुंगळी ओढून काढणारी जी आकडी असते, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, तिचं टोक तुटलं होतं. १९११ चे रचनाकार जॉन ब्राउनिंग यांच्या मूळ रचनेत हा एक्स्ट्रॅक्टर स्लाइडच्या आत बसणारी पोलादाची एक लांब पट्टी असतो. या कारागिराने त्यात सुधारणा म्हणून बाहेरून बसणारा, स्वतःच्या मापाचा एक्स्ट्रॅक्टर केला होता. सुधारणा वाईट नव्हती. पण पुढे कार्यशाळा बंद झाली आणि त्या मापाचा तुकडा जगात कोणाकडेच उरला नाही. एका मशीनवाल्याकडून नवा करून घेतला, तो दोनेकशे गोळ्यांत गेला. आकार बरोबर होता, उष्णतेची प्रक्रिया चुकली असणार. नळी नवीकोरी, ट्रिगर अप्रतिम, आणि करंगळीच्या पेरापेक्षा लहान तुकड्यापायी सगळं पिस्तूल कपाटात.

उत्तम पिस्तूल कोणतं, हा प्रश्न मी तिथेच बाजूला ठेवला. त्यांच्यासाठी प्रश्न असा होता: वीस-पंचवीस वर्षांनी हे कोण दुरुस्त करेल, आणि तोवर यांच्या हाताला ते चालवता येईल का?

आता माणसाबद्दल. वय ५७. बावीस वर्षांची नेमबाजी, सगळी कागदी लक्ष्यावर, बहुतेक २५ मीटरवर. वर्षाला साधारण ३,००० गोळ्या. पिस्तूल अंगावर बाळगायचं नाही, घराच्या रक्षणासाठी नाही, त्यामुळे वजन कितीही चालेल, आकार कितीही चालेल. हे ऐकून मला हायसं वाटलं. एकाच पिस्तुलाने सगळी कामं करायची असं ठरवलं की निवड हमखास बिघडते. तळहाताला घाम फार. चष्मा दुहेरी भिंगांचा. आणि एक मुलगी, जिच्याकडे पुढे हे पिस्तूल जावं अशी इच्छा.

अंगठ्याचं त्यांनी सांगितलंच नाही. ते मी पाहिलं. बोलता बोलता ते डाव्या अंगठ्याचं बूड उजव्या हाताने दाबत होते. विचारल्यावर म्हणाले, "सांध्याची झीज आहे, दोन्हीकडे. डावीकडे जास्त. पण ट्रिगर तर उजव्या तर्जनीने ओढायचा ना?"

ट्रिगर तर्जनीने ओढायचा हे खरं. पण स्लाइड कोणत्या हाताने ओढायची?

त्यांनी चार नावं कागदावर लिहून आणली होती: ब्राउनिंग हाय-पॉवर, एचके पी-७, सिग पी-२१०, आणि काट मारून पुन्हा लिहिलेलं १९११.

हाय-पॉवरवर फार वेळ गेला नाही. ब्राउनिंग १९२६ साली बेल्जियममध्ये लिएजला एफएन या शस्त्रकंपनीच्या कारखान्यातच वारले आणि त्यांचं अर्धवट काम द्यूदोने सेव्ह यांनी पूर्ण केलं. १९३५ साली आलेलं हे पिस्तूल ८० वर्षांहून अधिक काळ बनत राहिलं आणि २०१८ च्या सुमारास बंद झालं. २०२२ मध्ये एफएनने जवळपास त्याच नावाचं नवं पिस्तूल काढलं, पण त्याचे भाग जुन्याला लागत नाहीत. दुसऱ्या उत्पादकांनी जुन्या मापाच्या बऱ्याच जवळ राहून नकला काढल्या आहेत, त्यामुळे रचना मेलेली नाही. तरी जुनं घ्यायचं की नवं की नक्कल, यातच त्यांचा उत्साह संपला. शिवाय मॅगझिन काढलं की ट्रिगर निकामी करणारी मूळची तरफ ट्रिगरची ओढ खरखरीत करते, आणि हे गृहस्थ ट्रिगरच्या बाबतीत भारी चोखंदळ.

पी-७ ची गोष्ट वेगळी. मला स्वतःला ते यंत्र म्हणून फार आवडतं. नळी फ्रेमला पक्की; गोळी सुटल्यावर थोडा वायू नळीखालच्या सिलिंडरमध्ये जातो आणि स्लाइडला क्षणभर मागे येऊ देत नाही. मुठीच्या पुढच्या बाजूला एक दट्ट्या, तो बोटांनी दाबला की पिस्तूल तयार, सोडला की सुरक्षित. दाबायला जोर लागतो, दाबून धरायला अगदी थोडा. पण उत्पादन २००८ च्या सुमारास थांबलं, यंत्रणा दुसऱ्या कशाशी मिळतीजुळती नाही, आणि पन्नास-शंभर गोळ्या सलग झाडल्या की ट्रिगरच्या वरची जागा चांगलीच तापते. वर्षाला ३,००० गोळ्या झाडणाऱ्याला मी ते देणार नाही. दुर्मीळ वस्तू जपायला ठीक, झिजवायला नाही.

उरली दोन. खरं प्रकरण इथून पुढे.

पी-२१० वर त्यांचा जीव होता. कोणाचा नसतो! सिग या स्विस कंपनीने १९३७ साली शार्ल पेतेर या रचनाकाराच्या रचनेचा परवाना घेतला, त्यावर बारा वर्षं घासकाम केलं आणि १९४९ मध्ये स्विस सैन्याने ते पिस्तूल स्वीकारलं. ९ मि.मी. पॅराबेलम, ८ गोळ्यांचं मॅगझिन, फक्त सिंगल अ‍ॅक्शन, म्हणजे ट्रिगर घोडा नुसता सोडतो, मागे ओढत नाही. घोडा, सिअर (घोडा अडवून धरणारा तुकडा) आणि त्यांची स्प्रिंग एकाच पेटीसारख्या संचात असतात, तो संच बोटांनी उचलून बाहेर काढता येतो. दुरुस्ती करणाऱ्याला यापरतं सुख नाही. आणि नेहमीच्या पिस्तुलांत स्लाइड फ्रेमच्या बाहेरून धावते, इथे ती फ्रेमच्या आतल्या खाचांतून धावते. लांब, सलग खाचा. स्लाइड डुलत नाही. पुढे १९७५ मध्ये आलेल्या सीझेड ७५ या चेक पिस्तुलानेही हीच रीत उचलली.

क्लबातल्या एका सदस्याकडे जुनं स्विस पी-२१० आहे. दुसऱ्या एकाकडे ९ मि.मी. कॅलिबरचं पूर्ण पोलादी १९११ होतं. दोन्ही मागून घेतली आणि तीन वेगवेगळ्या दिवशी झाडायला लावली. नियम माझा: सकाळी हात आखडलेले असताना सुरुवात, शंभर गोळ्या, आणि शेवटी थकल्या हातांनी रिकाम्या पिस्तुलाची स्लाइड दहा वेळा पूर्ण मागे ओढायची. या शेवटच्या कलमावर ते हसले होते.

आधी कागद. बाकावर वाळूच्या पिशवीचा आधार देऊन २५ मीटरवर पाच-पाच गोळ्यांचे गट घेतले आणि छिद्रं किती पसरली ते मोजलं. पी-२१० चा सरासरी गट ४५ मि.मी., १९११ चा ६०. पी-२१० जिंकलं, यात वाद नाही. मग उभं राहून, एका हाताने. त्यांच्या स्वतःच्या हाताची थरथर, त्यांच्या जुन्या नोंदींवरून, साधारण १२० मि.मी. भरते. आता हाताची चूक आणि पिस्तुलाची चूक यांची सरळ बेरीज होत नाही; वर्गांची बेरीज करून मूळ काढावं लागतं. १२० आणि ४५ मिळून १२८. १२० आणि ६० मिळून १३४. बाकावर १५ मि.मी. असलेला फरक हातात आल्यावर ६ मि.मी. उरला. २५ मीटरच्या प्रिसिजन लक्ष्यावर दहाचं वर्तुळच ५० मि.मी. व्यासाचं असतं. हे गणित मी त्यांच्या वहीत मांडलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे मी १९११ इतकाच वाईट आहे." मी म्हटलं, दुप्पट.

नंतर स्लाइड. पहिल्या दिवशी पी-२१० वर त्यांनी दहा वेळा ओढली, दात आवळून. दुसऱ्या दिवशी सातव्यांदा बोटं निसटली. तिसऱ्या दिवशी पाचव्यांदा. १९११ वर तिन्ही दिवशी दहाच्या दहा.

कारण स्प्रिंगच्या जोरात कमी आणि पकडीत जास्त होतं. स्लाइड फ्रेमच्या आतून धावते म्हणजे तिचा फ्रेमच्या वर दिसणारा भाग कमी. नेम ज्याने स्थिर राहतो त्याच गोष्टीमुळे बोटांना धरायला जागा उरत नाही. मग माणूस ती अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरतो, आणि सगळा भार नेमका त्या झिजलेल्या सांध्यावर येतो. १९११ ची स्लाइड उंच. ती वरून, पंज्याने, चार बोटं एका बाजूला आणि तळव्याचं मांस दुसऱ्या बाजूला अशी धरता येते. अंगठ्याला कामच नाही. त्यात चेंबर रिकामं असताना घोडा आधी उजव्या अंगठ्याने मागे घेतला की स्लाइडला त्याच्या स्प्रिंगशी झगडावं लागत नाही, ओढ आणखी हलकी होते. ही युक्ती पी-२१० वरही चालते, आम्ही करून पाहिली. पकड मात्र चिमटीचीच राहते.

ते म्हणाले, "पहिली गोळी भरण्यापुरतीच तर ओढायची. मॅगझिन संपलं की स्लाइड मागेच थांबते."

हा युक्तिवाद मी बऱ्याच जणांकडून ऐकला आहे आणि तो मला पटत नाही. भरताना ओढता आली नाही तर काही बिघडत नाही, दुसऱ्याला सांगता येतं. प्रश्न रिकामं करतानाचा आहे. गोळी सुटली नाही, पुंगळी अडकली, रेंज अधिकाऱ्याने मधेच थांबवलं: चेंबरमध्ये जिवंत गोळी आणि स्लाइड हलत नाही, अशा अवस्थेत पिस्तूल दुसऱ्याच्या हाती द्यायचं? आज पाचव्यांदा निसटतं ते दहा वर्षांनी पहिल्यांदाच निसटेल. ज्याला आपलं पिस्तूल स्वतः रिकामं करता येत नाही त्याने ते झाडू नये, मग ते स्विस असो की आणखी कुठलं.

पी-२१० विरुद्ध आणखी एक मुद्दा होता, पण तो दुय्यम. जुन्या स्विस पिस्तुलांत स्लाइड, फ्रेम आणि नळी एकमेकांसाठी जुळवून त्यांवर क्रमांक कोरलेले असतात. नळी बदलायची तर नुसती विकत घेऊन भागत नाही, बसवणारा हात लागतो. २०१७ मध्ये अमेरिकेत जे नवं पी-२१० निघालं त्यात मॅगझिनचा खटका मुठीच्या तळावरून बाजूला आला आहे. नाव तेच म्हणून जुनं मॅगझिन चालेल असं धरून चालता येत नाही. अंगठा ठणठणीत असता तर मी हे सगळं सांभाळून घ्या म्हटलं असतं.

तर १९११. पण मग कापडातल्या त्या देखण्या पिस्तुलाचं काय? तेही १९११ च होतं की.

अमेरिकी सैन्याने १९११ साली स्वीकारलेली ही रचना १९८५ पर्यंत अधिकृत होती, आणि शंभरावर वर्षांत इतक्या जणांनी ती बनवली की तिचे भाग मिळणं ही अडचणच राहिलेली नाही. अट एकच, भाग मूळ मापाचे हवेत. महागड्या पिस्तुलांत गंमत अशी होते की जितके पैसे जास्त तितकं हातकाम जास्त, आणि जितकं हातकाम जास्त तितका प्रत्येक भाग त्या एकाच पिस्तुलाचा. काही बाबतींत हे योग्यच आहे. नळीचं पुढचं बुशिंग, म्हणजे तिचं तोंड स्लाइडमध्ये धरणारी कडी, आणि नळीची मागची पकड हाताने जुळवलेली असणं म्हणजेच नेम. पण एक्स्ट्रॅक्टर, सेफ्टी, स्लाइड स्टॉप, स्प्रिंगा यांत कोणी स्वतःची कल्पकता दाखवली असेल तर ती त्या माणसाबरोबर निवृत्त होते.

म्हणून आम्ही वरच्या श्रेणीतलं, पण अगदी वरच्या टोकाचं नव्हे, असं पिस्तूल शोधलं. घडीव पोलादाची फ्रेम. नळी हाताने जुळवलेली, पण बुशिंग पान्याशिवाय, बोटांनी फिरवून सुटणारं. एक्स्ट्रॅक्टर आतला, जुन्या मापाचा. सिअर आणि डिस्कनेक्टर (एका ओढीला एकच गोळी सुटू देणारा तुकडा) टूल स्टीलचे, कापून केलेले. धातूची भुकटी साच्यात दाबून भाजलेले भाग वाईटच असतात असं नाही, पण सिअरची धार ही झिजण्याची जागा आहे, तिथे मला धोका नको होता. वरचा मुलामा हार्ड क्रोमचा. निळसर काळा ब्लूइंग दिसायला त्याहून छान, यात शंका नाही, आणि ते त्यावरच अडून बसले होते. मी त्यांना त्यांच्याच जुन्या पिस्तुलाच्या मुठीमागचा गंजाचा डाग दाखवला. घामट हातापुढे ब्लूइंग टिकत नाही.

कॅलिबरवर वाद झालाच. १९११ म्हणजे .४५, बाकी सगळं पाखंड, असं मानणारी मंडळी आहेत आणि हे गृहस्थ त्यांतलेच. मूळ रचना .४५ च्याच मापाची आहे, हे खरं. .४५ चं काडतूस सव्वाबत्तीस मिलिमीटरच्या जरा वर, ९ मि.मी.चं ३० च्या आत. लांब मॅगझिनमध्ये आखूड काडतूस म्हणजे गोळी चेंबरमध्ये शिरताना चुकण्याची शक्यता जास्त. पण .४५ ची गोळी साधारण १५ ग्रॅमची, ९ मि.मी.ची आठाच्या आसपास. तो धक्का वर्षाला ३,००० वेळा त्या सांध्यांत उतरणार. आणि ९ मि.मी.ला रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड परत पुढे ढकलणारी) हलकी लागते, म्हणजे स्लाइडही हलकी. वाद मी जिंकला असं म्हणणार नाही. त्यांच्या डॉक्टरांनी जिंकला.

डोळ्यांच्या बाबतीत मी अजून स्वतःवर पूर्ण खूश नाही. जवळचं धूसर दिसायला लागलं की फोरसाइट, म्हणजे नेमाचा पुढचा खुंट, पुसट होते, आणि रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारं नेमाचं भिंग) लावला की डोळा लक्ष्यावरच ठेवता येतो, प्रश्न मिटतो. पण प्रत्येक डॉटची तळाची बैठक वेगळी, आणि आजची बैठक पंधरा वर्षांनी कोणी बनवत असेल याची मला खात्री नाही. स्लाइडमध्ये एकदा खाच पाडली की ती भरून निघत नाही. शेवटी खाच पाडली नाही. त्यांनी नेमबाजीचा वेगळा चष्मा केला, उजव्या डोळ्याच्या दूरच्या नंबरात +०.५० मिळवून, म्हणजे फोरसाइट स्पष्ट आणि कागद जरासा धूसर. सध्या चाललं आहे. मोतीबिंदू झाला की पुन्हा बोलू.

आणि मुलगी. निवड जवळजवळ ठरल्यावर ती एकदा वडिलांबरोबर आली. मी तिच्या बोटांची लांबी पाहून ठेवली, आखूड ट्रिगर बसवता येईल असं सांगू लागलो. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, मला नकोय. बाबांना सांगायचं राहून गेलं." वडील खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांनी विचारलं, "मग आयुष्यभर म्हणजे किती धरायचं?" आम्ही पंचवीस वर्षं धरली.

हा आकडा मिळाल्यामुळे हिशेब सोपा झाला. पंचवीस वर्षांत ७५,००० गोळ्या. रिकॉइल स्प्रिंग दर ३,००० ला, म्हणजे वर्षाला एक; फायरिंग पिनची स्प्रिंगही त्याच दिवशी. त्यांनी वाढदिवस ठरवून टाकला. स्लाइड स्टॉप एक जादा, लिंक (नळीखालची लहान कडी) दोन, सिअर स्प्रिंग दोन. जादा नळी आत्ता नाही, निम्म्या वाटेवर बघायचं. एक्स्ट्रॅक्टर दोन जादा, आणि ते नुसते पुडीत ठेवले नाहीत. १९११ च्या आतल्या एक्स्ट्रॅक्टरला योग्य ताण द्यावा लागतो, किंचित वाकवून, आणि ते काम पुस्तकात वाचून येत नाही. मी दोन्ही बसवले, प्रत्येकावर शंभर गोळ्या झाडून घेतल्या, मग तेलकागदात गुंडाळून त्यावर तारीख लिहिली. सुटा भाग विकत घेऊन ठेवणारे पुष्कळ असतात. तो बसवून, तपासून ठेवणारे फार थोडे. पंचवीस वर्षं मी असेन की नाही, याची मला तरी खात्री नाही.

पहिल्या ५०० गोळ्यांत तीन वेळा गोळी चेंबरमध्ये तिरकी अडकली. ते घाबरेघुबरे झाले, पुन्हा तेच नशीब म्हणून. मी आधीच सहा मॅगझिनवर १ ते ६ आकडे रंगाने लिहायला लावले होते. वहीत पाहिलं तर तिन्ही वेळा ४ क्रमांक. त्याचे वरचे ओठ एका बाजूला किंचित जास्त उघडे होते. ४ क्रमांक आता सरावात मुद्दाम अडथळा आणायला वापरतात, म्हणजे तो कसा सोडवायचा याची सवय राहते. उरलेल्या पाचांनी आजवर, सुमारे ५,००० गोळ्यांत, एकदाही त्रास दिलेला नाही.

कापडातलं जुनं पिस्तूल अजून त्यांच्या कपाटात आहे. विकायला मन होत नाही आणि विकत घेणारा एक्स्ट्रॅक्टर विचारतोच.

पी-२१० ही तिथेच क्लबात आहे. महिन्यातून एकदा ते त्या सदस्याकडून मागून घेतात, आठ गोळ्या भरतात आणि मालकाला शेजारी उभं करतात. स्लाइड तो ओढून देतो, आठ गोळ्या हे झाडतात, स्लाइड मागे थांबते. मी एकदा काही न बोलता नुसतं पाहिलं, तर म्हणाले, "मालक शेजारी असताना एकच मॅगझिन. नियम तुमचाच आहे."